बारा व्होल्टची चूक

सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्याला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. विहिरीवर सरकारी योजनेतला पाच एचपीचा सौर पंप आहे. तो उन्हावर चालतो, त्यामुळे रात्रीच्या लाइनची वाट पाहणे संपले. पण दुपारी हौद भरून वाहू लागला की पाणी थेट झाडांच्या बुडाशी साचायचे. संत्र्याला हे सोसत नाही. मुळे सडतात, खोडातून डिंक येतो आणि डिंक्या लागलेले झाड हातचे जाते. म्हणून हौदात फ्लोट टाकून, प्रोग्राम करता येणाऱ्या एका ईएसपी-32 बोर्डाने पंप आपोआप बंद-चालू करायचे मी ठरवले.

वडील म्हणाले होते, "बाबू, त्या डब्ब्याले हात लावू नको. गॅरंटीतला हाय थो."

मी ऐकले नाही. आधी तर सौर प्लेटांकडून येणारी वायरच, बोर्डाने चालणाऱ्या छोट्या निळ्या स्विचमधून, म्हणजे रिलेतून, तोडायचा विचार होता. ओळखीच्या वायरमननी अडवले. त्या रिलेवर छापलेले असते: 250 व्होल्ट एसी, 10 अँपिअर, डीसीला मात्र 30 व्होल्टच. आपली घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. प्लेटांची डीसी शून्यावर येतच नाही आणि एका रांगेत जोडलेल्या प्लेटांचे व्होल्टेज काही शेकड्यांत असते. ठिणगी तशीच पेटत राहते, रिले वितळतो. ऊन आहे तोवर त्या वायरा जिवंतच असतात. पंपाचा कंट्रोलर, म्हणजे वडिलांनी सांगितलेला तो डबा, बंद केला तरी आतले कपॅसिटर काही मिनिटे भरलेले राहतात.

तो धोका टळला, पण दुसरी चूक झालीच. कंट्रोलरवर फ्लोटसाठी दोन टर्मिनल होती. तिथे 'सिग्नल' द्यायचा असे समजून मी रिलेतून बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर जोडली. त्या टर्मिनलांना बाहेरचे व्होल्टेज नकोच असते. दोन टोके मिटली की उघडली, एवढेच कंट्रोलर पाहतो. इनपुट जळले, पंप थांबला. योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती होती, पण झाकणाचे सील मी तोडलेले होते. खर्च अंगावर आला. आणि वेळ कोणती, तर आंबिया बहाराचा ताण तोडून पहिले पाणी द्यायची. सतरा दिवस बगीचा कोरडा राहिला. त्या वर्षी फूल विरळ आले, ते मला अजून डाचते.

तुम्ही करणार असाल तर आधी पुरवठादाराला विचारा आणि होकार लेखी घ्या. जोडणी फक्त फ्लोटच्या टर्मिनलांवर करा. रिलेची कोरडी, म्हणजे स्वतःचे व्होल्टेज नसलेली, टोकेच तिथे न्या. बोर्डाची किंवा बॅटरीची कोणतीही वायर, ग्राउंडसुद्धा, कंट्रोलरला लावू नका. काही कंट्रोलर टोके मिटल्यावर थांबतात, काही उघडल्यावर, पुस्तिकेत पाहा. उघडल्यावर थांबणारा असेल तर साधा फ्लोट रिलेच्या ओळीतच ठेवा, म्हणजे बोर्ड अडकला तरी तो पंप थांबवील. पंप पुन्हा चालू होण्याआधी दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती प्रोग्राममध्ये घाला, नाहीतर हौदातल्या लाटेबरोबर मोटर चालू-बंद होत राहते.

माझा कंट्रोलर टोके उघडल्यावर थांबणारा आहे, म्हणून वायर तुटली तरी पंप थांबतो. मागच्या उन्हाळ्यात रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हौदाकडची वायर तोडली. संध्याकाळी वावरात गेलो तेव्हा पंप बंद होता, हौद अर्धा होता आणि झाडांची बुडे कोरडी होती.