सामना पुण्याचा, मैदान मावळात

प्रश्न : आम्ही सोलापूरचे. दोन्ही मुलं क्रिकेटवेडी. पुण्यात एखादा सामना पाहायचा आणि त्याच निमित्ताने त्यांना पुणं दाखवायचं, असा बेत आहे. शनिवारवाड्याजवळ उतरावं म्हणत होतो, पण नकाशात मैदान पार मुंबईच्या रस्त्याला दिसतंय. हे खरं का? आणि दोन दिवसांत सगळं कसं बसवायचं?

उत्तर : नकाशा बरोबर आहे. पुण्याचे आंतरराष्ट्रीय सामने ज्या मैदानावर होतात ते मावळ तालुक्यातल्या गहुंज्याला आहे, पुणे स्टेशनपासून पंचवीसेक किलोमीटरवर. पूर्वी असं नव्हतं. तेव्हा सामने स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर व्हायचे. 1996 च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळलं, ते तिथेच. पण ते मैदान महापालिकेचं आणि भरवस्तीतलं. क्रिकेट संघटनेने स्वतःचं मैदान बांधायचं ठरवलं, तेव्हा एवढी मोकळी जमीन शहराबाहेरच मिळणार होती. 2012 पासून मोठे सामने गहुंज्याला होऊ लागले. 2023 च्या विश्वचषकातले पाच सामनेही तिथेच झाले.

एवढं लक्षात आलं की बेत कुठे बदलायचा तेही कळतं. शनिवारवाड्याजवळ उतरलात तर सामन्याच्या दिवशी जाता-येता अख्खं शहर ओलांडावं लागेल. मैदान द्रुतगती मार्गाला लागून आहे, म्हणजे गाडीने भुर्रकन पोहोचू, असं पुष्कळांना वाटतं. पण हजारो गाड्या एकाच वेळी त्याच फाट्यावर वळतात, म्हणून सगळा वेळ शेवटच्या तीन-चार किलोमीटरमध्ये जातो. शिवाय द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. त्यांना जुन्या महामार्गाच्या बाजूने, देहूरोड-मामुर्डीकडून यावं लागतं. म्हणून मुक्काम चिंचवड, रावेत किंवा तळेगावला करा. रात्री अकराला सामना सुटल्यावर झोपाळलेली मुलं घेऊन जायला तेच सोयीचं. परतीसाठी लोकलवर विसंबू नका. इतक्या उशिरा गाड्या कमी असतात आणि स्टेशनही मैदानाच्या दारात नाही. येण्याजाण्याचं वाहन आधीच ठरवून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. मैदान मावळात आहे, तर सामन्याचा दिवस मावळालाच द्या. पाहुणे इथे चुकतात. सकाळी घाईघाईने पेठा पाहून दुपारी मैदान गाठायला धावतात आणि दोन्हीकडची मजा घालवतात. त्याऐवजी सकाळच्या पहिल्या लोकलपैकी एखादी धरून मळवलीला उतरा. रुळांच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. भाज्याची लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत. खडकात कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नाही. पण त्या काळची सभागृहं लाकडाची असत आणि कारागिरांनी तेच रूप दगडात उतरवलं. मुलांना आधी छत दाखवा, कारण नंतर सांगा. जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे, तोही चुकवू नका. कार्ल्याचं चैत्यगृह देशातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह, शेजारीच एकवीरा आईचं देऊळ. सुट्टीच्या दिवशी तिथे दर्शनाची गर्दी असते, म्हणून वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर मी भाजेच सुचवीन. लोहगडही इथून जवळ आहे, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून सगळे त्याचंच नाव घेतात. पण तो सामन्याच्या दिवशी नको. गड उतरून आलेली मुलं दुसऱ्या डावात पेंगतील.

एक सावधगिरी बाळगा. या मार्गावर दुपारी लोकल विरळ असतात. परतीची वेळ सकाळीच पाहून ठेवा, नाहीतर मळवलीला बसून राहाल. गाडी हुकलीच तर जुन्या महामार्गावर येऊन बस पकडता येते. मळवलीपर्यंत जायचंच नसेल तर देहूरोडच्या पुढे, शेलारवाडीच्या डोंगरात घोरावडेश्वर आहे. मूळची बौद्ध लेणी, नंतर त्यात महादेव आला. पायऱ्या दमवतात, पण मैदानापासून सर्वांत जवळचं पाहण्याजोगं ठिकाण तेच.

आणखी एक गैरसमज : देहूरोड म्हणजे देहू नव्हे. तुकोबांचं देहू तिथून काही किलोमीटर आत, इंद्रायणीकाठी आहे. स्टेशनवर उतरून चालत निघू नका, रिक्षा करा.

मैदानात पोहोचल्यावर दोन गोष्टी. प्रेक्षकांच्या बऱ्याच भागावर छप्पर नाही. दुपारचा सामना असेल तर पूर्वेकडे बसणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट मावळतीचं ऊन येतं, म्हणून तिकीट काढताना बाजू पाहा. आणि भोवती मोकळं रान असल्याने रात्री गारठा लवकर पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुलांसाठी एकेक स्वेटर हवाच. मोठी पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या बहुधा दारावरच काढून घेतात, तेव्हा त्या मुक्कामीच ठेवा.

दुसरा दिवस शहराचा. पिंपरीहून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो तुम्हाला थेट पेठांत आणून सोडेल. कसबा पेठेला उतरा. शनिवारवाडा, लालमहाल, कसबा गणपती ही तिन्ही चालण्याच्या अंतरात आहेत. वाड्याचा आतला भाग 1828 च्या आगीत गेला, तेव्हा महाल दिसेल अशी मुलांची समजूत करून देऊ नका. जे उरलंय ते दरवाजा, तट आणि जोती. घराघरांतल्या वस्तू पाहायच्या तर बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे. त्याला निदान दोन तास ठेवा. निघताना मंडई स्थानकावरून मेट्रो घ्या आणि जिल्हा न्यायालयाला गाडी बदला, म्हणजे पुणे स्टेशनवर सोलापूरच्या गाडीला वेळेत पोहोचाल.