एक मुलगा, चार नावं

"सर, वायफाय मला घेत नाही" अशी तक्रार नेटवर्क रूममध्ये आली, की मी आधी विचारतो, "युजर-नेम कसं टाईप केलंस, दाखव." मोबाइलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो. लॅपटॉपवर तेच नाव स्मॉलमध्ये असतं. कोणी पुढे ॲट लावून कॉलेजचं डोमेन जोडतो, कोणी सगळंच कॅपिटलमध्ये ठोकतो. मेसवाल्या काकांना हा मुलगा एकच दिसतो. सर्व्हरला मात्र चार दिसू शकतात!

थोडी ओळख. ॲक्सेस पॉइंट तुमचं नाव रेडियस सर्व्हरकडे पाठवून विचारतो, "सोडू का आत?" हे चालतं १८१२ पोर्टवर. किती वेळ बसलात, किती डेटा ओढलात याचा हिशेब १८१३ वर. मी बोलतोय ते फ्रीरेडियसच्या ३ आवृत्तीबद्दल.

आता समजा, ओळख एलडॅपमधून तपासली जाते आणि हिशेब पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये लिहिला जातो. एलडॅप लहान-मोठं अक्षर बघत नाही, चारही नावांना आत घेतो. पोस्टग्रे बघतो, म्हणून चार वेगळी खाती उघडतो. झालं! 'एका वेळी एकच लॉगिन' हा नियम त्या मुलाला चार लॉगिन देतो, कोटाही चौपट. शेजारच्या खोलीतला सरळ मुलगा सबमिशनच्या रात्री कोटा संपला म्हणून बसून राहतो. मायएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत अक्षराचा लहानमोठेपणा मानत नाही, त्यामुळे तिथे हे दुखणं बरंचसं झाकलेलं राहतं. पण डोमेनवालं नाव तिथेही वेगळंच मोजलं जातं.

उपाय सोपा वाटतो: युजर-नेम आलं की स्मॉल करून टाका. कृपा करून हे करू नका. ईएपीमध्ये बाहेरचं युजर-नेम आणि आतली ओळख जुळावी लागते. एमएस-चॅप २ मध्ये तर तुमच्या मशीनने टाईप केलेलं नाव हॅशमध्येच मिसळलेलं असतं. सर्व्हरने त्यातलं एक अक्षर बदललं, तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो आणि मग पोरं पासवर्ड बदलत बसतात.

म्हणून मूळ नावाला हात न लावता शुद्ध नाव स्ट्रिप्ड-युजर-नेममध्ये ठेवायचं. डोमेन कापायचं काम सफिक्स मॉड्यूल करतं, पण ते डोमेन रेल्म म्हणून सर्व्हरला सांगितलेलं हवं. त्याच्यानंतर आपली छोटी पॉलिसी: स्ट्रिप्ड-युजर-नेम असेल तर ते स्मॉल करा, नसेल तर युजर-नेमवरून तयार करा. ही ऑथोराइझमध्ये एलडॅपच्या आधी हवी, आणि प्रीअकाउंटमध्येही हवी. बरेच जण दुसरी जागा विसरतात. पीईएपी असेल तर खरं नाव बोगद्याच्या आत येतं, म्हणून इनर-टनेलमध्येही.

तरी काम अर्धंच झालं! एसक्यूएलच्या क्वेरी फाइलमध्ये एसक्यूएल-युजर-नेम हे मूळ युजर-नेमवरून घेतलेलं असतं. स्ट्रिप्ड वापरणारी ओळ तिथेच कॉमेंटमध्ये पडून आहे, ती उघडायची.

मॅक ॲड्रेसचंही हेच. कोणी कोलन लावून पाठवतो, कोणी टिंबं, कोणी सलग बारा अक्षरं. आरएफसी ३५८० सांगते: कॅपिटल अक्षरं, मध्ये डॅश. त्यासाठी तयार पॉलिसी मिळते, रीराइट-कॉलिंग-स्टेशन-आयडी नावाची. (फोन हल्ली खोटा मॅक दाखवतात, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून. त्यावर ही पॉलिसी काही करू शकत नाही.)

नावातली मोकळी जागा मात्र मी काढत नाही. फिल्टर-युजरनेम पॉलिसी अशी विनंती सरळ नाकारते, ते बरंच आहे. आणि पासवर्डला कधीही शिवायचं नाही.

बदल केल्यावर सर्व्हर थांबवून एक्स पर्याय देऊन चालू करा. आलेलं नाव कुठल्या ओळीवर काय झालं, ते पडद्यावर सरळ वाचता येतं. पण हे सुट्टीच्या दिवशी सकाळी करा, रात्री अकराला नको.