कारखान्यातली खंडेनवमी

आश्विन महिना आला, घट बसले, की नवव्या दिवशी खंडेनवमी येते. दुसऱ्या दिवशी दसरा. खंडेनवमीला शेतकरी नांगर, विळा, कोयता पुजतो. सुतार करवत पुजतो. ज्याच्यावर पोट भरतं, त्याला हात जोडायचे, अशी ही रीत.

आपल्या भागात १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. तिथे पेनिसिलीन हे औषध होऊ लागले. पुढे भोसरी, आकुर्डी, चाकण असे सगळीकडे कारखाने झाले. गावची पोरं नांगर सोडून लेथवर उभी राहिली. पण खंडेनवमी सुटली नाही. आज कारखान्यात मशीन पुजतात आणि कचेरीत हिशेबाची वही व संगणक पुजतात.

सण करायचा तर बेत आधी आखावा. बेत कागदावर लिहावा. तुम्ही आता लिहायला शिकलात. हे काम तुम्हीच अंगावर घ्या.

पहिलं काम, यादी. यात मोठी चूक होते. ती आम्हीही केली आहे. आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेत दसऱ्याचे पेढे वाटले. पेढे मोजून आणले होते. शिपायाने पहाटे येऊन अंगण झाडलं, बाकं हलवली, तोरण बांधलं. वाटप झालं तेव्हा कळलं, यादीत त्याचं नावच नाही. यादी आम्हीच केली होती. तो म्हणाला, “असू द्या गुरुजी, मला गोड चालत नाही.” चालत होतं, हे आम्हांला ठाऊक होतं. तो पेढा आम्हांला अजून आठवतो.

म्हणून यादी दारापासून सुरू करा. आधी पहारेकरी लिहा. मग सफाईच्या बाया, कॅन्टीनमधल्या मावशी, कंत्राटाचे कामगार. मग मशीनवरचे आणि कचेरीतले. रात्रपाळीचा माणूस विसरू नका. पूजा पाळी बदलते त्या वेळी ठेवली, तर दोन्ही पाळ्यांची माणसं भेटतात. तिसऱ्या पाळीचा वाटा नाव लिहून बाजूला ठेवा.

दुसरं काम, पैसा. समजा, एका लहान वर्कशॉपात २५ माणसं आहेत. मालकाने २,००० रुपये दिले. कायम नोकरीच्या १५ जणांनी प्रत्येकी ५० रुपये दिले. ते ७५० झाले. एकूण जमा २,७५०. कंत्राटाच्या माणसाचा पगार थोडा. त्याच्याकडून वर्गणी मागू नये, पण वाटा पुरा द्यावा.

खर्च असा लिहावा:

पेढ्यांच्या २५ पुड्या: १,५०० रुपये
फुले व हार: ४०० रुपये
चहा व केळी: ३७५ रुपये
नारळ ५: २०० रुपये
पूजेचे सामान: १५० रुपये
एकूण खर्च: २,६२५ रुपये
शिल्लक: १२५ रुपये

हा कागद फळ्यावर लावा. ज्याला वाचता येतं तो वाचील, दुसऱ्याला सांगील. मग कुजबूज होत नाही. नवरात्रात पुष्कळांचा उपास असतो. म्हणून आम्ही समोसा न लिहिता केळी लिहिली.

तिसरं काम, जपणूक. पूजेआधी मशीन बंद करा. नुसतं बटण दाबून भागत नाही, मुख्य स्विच बंद करा. विजेच्या पेटीवर पाणी किंवा ओलं हळद-कुंकू लावू नका. हार फिरत्या भागावर घालू नका. मशीन सुरू करण्याआधी सगळे हार काढा. सैल हार चाकात गेला तर हातही ओढून नेतो. नारळ दाराबाहेर फोडा. तेलकट फरशीवर पाणी सांडलं की पाय घसरतो.

दिवा आणि उदबत्ती थिनर, तेल, तेलाच्या चिंध्या यांपासून लांब ठेवा. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्याला एका कारखान्यात आग लागली. तिथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या होत होत्या. कामावरच्या कितीतरी बाया त्या आगीत गेल्या. दुसऱ्याच्या आनंदाची वस्तू करताना त्यांचा जीव गेला. सणाच्या दिवशी हे आठवावं.

शेवटची गोष्ट. आपल्या शेजारच्या मशीनवर बिहार, झारखंड, ओडिशाकडचा भाऊ असतो. त्याच्याकडे १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजा असते. तेव्हा आपण त्याच्या पूजेला जावं. बौद्ध बांधवांना दसऱ्याच्या सुमारास दुसरी आठवण असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. कुणी मुसलमान असेल, कुणी ख्रिस्ती. पूजेला ये म्हणून कुणाला ओढू नका. पेढा मात्र सगळ्यांना द्या.

मशीनला हार घालतो, तसा मशीन चालवणाऱ्याचा मानही राखावा. मग सण पुरा झाला.

वाचा आणि लिहा

१. तुमच्या कामाच्या जागी कोण कोण येतात? दारापासून सुरुवात करून यादी लिहा.
२. शिल्लक १२५ रुपयांचे काय करावे? चौघांना विचारून लिहा.
३. पूजेआधी आणि मशीन सुरू करण्याआधी काय काय पाहावे? मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.