दराची चावी दुकानदाराच्याच हाती हवी
वूकॉमर्समध्ये स्वतःचा सेटिंग टॅब

साड्यांचे ऑनलाइन दुकान आम्ही थाटले तेव्हा फॉल-पिकोचा दर ८० रुपये होता. दुकान बांधून देणाऱ्याने तो आकडा थेट प्रोग्राममध्ये लिहून टाकला. पुढे कारागिरांची मजुरी वाढली, दर १०० झाला आणि नेमके तेव्हाच तो मुलगा गावी गेला. ऐन ईदच्या हंगामात ३७ साड्या जुन्या दराने गेल्या. गिऱ्हाईकाला दिलेला भाव मोडायचा नाही, म्हणून ७४० रुपये आम्ही गल्ल्यातून भरले. रक्कम लहान, पण धडा मोठा. रोज बदलणारा दर प्रोग्राममध्ये नव्हे, सेटिंगमध्ये असावा.

वूकॉमर्स हे वर्डप्रेसवर चालणारे दुकानाचे प्लगिन २०११ साली आले. त्याच्या सेटिंग पानावर मालाचे, टपालखर्चाचे, पेमेंटचे टॅब असतात. त्यांच्याच रांगेत आपलाही टॅब बसवता येतो. काम चार पायऱ्यांचे आहे. पुढील नावे फाइलीत इंग्रजी लहान अक्षरांत लिहावीत.

पहिली पायरी : मूळ प्लगिनच्या फाइलीला हात लावू नये. नवी आवृत्ती आली की आपली दुरुस्ती पुसली जाते. प्लगिनच्या फोल्डरात आपले वेगळे छोटे प्लगिन करावे.

दुसरी पायरी : 'वूकॉमर्स_सेटिंग्ज_टॅब्ज_ॲरे' या फिल्टरला आपले फंक्शन जोडावे. त्याला टॅबांची यादी मिळते. तीत आपली खूण, समजा 'शिलाई', आणि दिसणारे नाव घालून यादी परत द्यावी. परत द्यायला विसरलात तर आधीचे टॅबही गायब होतात.

तिसरी पायरी : रकाने दाखवणे. 'वूकॉमर्स_सेटिंग्ज_टॅब्ज_शिलाई' या ॲक्शनवर 'वूकॉमर्स_ॲडमिन_फील्ड्स' हे फंक्शन चालवावे आणि त्याला रकान्यांची यादी द्यावी. यादीच्या आरंभी 'टायटल' व शेवटी 'सेक्शनएंड' हवे. मध्ये दराचा रकाना आणि 'फॉल-पिको सुरू' असा चेकबॉक्स.

चौथी पायरी : जतन करणे. 'वूकॉमर्स_अपडेट_ऑप्शन्स_शिलाई' या ॲक्शनवर तीच यादी 'वूकॉमर्स_अपडेट_ऑप्शन्स' या फंक्शनला द्यावी. इथे खरा धोका आहे. ही पायरी राहिली तरी सेव्हचे बटण दाबल्यावर 'सेटिंग जतन झाले' असा संदेश येतोच! आत मात्र काहीच लिहिले जात नाही. म्हणून संदेशावर विसंबू नये. पान पुन्हा उघडून आकडा डोळ्यांनी पाहावा.

एवढ्याने टॅब तयार होतो, पण बिल बदलत नाही. वहीत दर लिहिला आणि मुनीमाने वही उघडलीच नाही, तर काय उपयोग? हिशेब करणाऱ्या फंक्शनने 'गेट_ऑप्शन' वापरून हा दर वाचला पाहिजे, साड्यांच्या संख्येने गुणला पाहिजे आणि मगच बिलात जोडला पाहिजे. चेकबॉक्सचे उत्तर 'यस' किंवा 'नो' या शब्दात साठते. प्रोग्रामने 'यस' हाच शब्द तपासावा. नुसते 'काही लिहिले आहे का' पाहिले, तर 'नो'सुद्धा होकार ठरतो आणि न मागितलेल्या फॉल-पिकोचे पैसे गिऱ्हाईकाच्या बिलात चढतात. तो पैसा आपला नव्हे.

हे सारे आधी दुकानाच्या नकलेवर करावे, बॅकअप ठेवावा. एक साडी, दोन साड्या, फॉल-पिकोशिवाय साडी अशी तीन बिले काढून कागदावरच्या हिशेबाशी ताडावीत. मुनीमाला 'शॉप मॅनेजर'चा अधिकार दिला तर तोही दर बदलू शकतो. म्हणून तो अधिकार भरवशाच्या माणसालाच द्यावा.

आपण स्वतः प्रोग्राम लिहू असे नाही. पण काम देताना या चार पायऱ्या विचारल्या, तर कारागीरही नीट काम करतो आणि दुकानाची चावी आपल्याच खिशात राहते.