वहिनी पुढे, नणंद मागे

‘सोबत आहे ना, मग कसली भीती?’ असं म्हणत कयाकमध्ये बसणाऱ्यांची मला हल्ली जास्त काळजी वाटते. एकटा माणूस पाण्यात उतरताना चार वेळा विचार करतो. वारा बघतो, पाणी बघतो, किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारतो. दोघं असली की हे सगळं राहून जातं, कारण दुसऱ्याने पाहिलं असेल असं प्रत्येकाला वाटतं. माझा आणि माझ्या धाकट्या नणंदेचा देवबागचा अनुभव यासाठीच सांगते. आम्ही दोघीही आततायी नाही. ती पुण्यात नियमाने पोहणारी, मी पन्नाशीतही डोंगर चढणारी. आणि आमचं पटतं, हेही सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात त्या पटण्याचाही वाटा आहे.

देवबाग म्हणजे मालवण तालुक्यातली जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी. पट्टी दक्षिणेला संपते तिथे नदी समुद्राला मिळते आणि समोर भोगव्याचा किनारा दिसतो. त्या संगमाजवळ वाळूचं बेट आहे, त्याला सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. आम्ही गेलो तो दिवस दत्तजयंतीचा, म्हणजे मार्गशीर्षातली पौर्णिमा. अकराच्या सुमाराला खाडी काठोकाठ भरलेली होती आणि पाणी इतकं थांबलेलं, की माडांची उलटी रांग त्यात स्पष्ट दिसत होती. भाड्याने मिळालेली दोन आसनांची प्लॅस्टिकची कयाक, दोन वल्ही, दोन लाइफ जॅकेटं. मी पुढे, ती मागे. संगम बघून येऊ, असं ठरलं.

जाताना फार मजा आली. वल्हं उचलून धरलं तरी कयाक आपली पुढे सरकतच होती. आम्ही एकमेकींना शाबासकी दिली. खरं तर तिथेच वळायला हवं होतं. हात न चालवता होडी पुढे जाते तेव्हा ती पाण्याच्या मर्जीने चाललेली असते, आणि परतताना तेच पाणी तोंडावर येतं.

भरतीचं गणित कोकणात पूर्वापार आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा. बंदरागणिक तासभर इकडेतिकडे धरावा. ओहोटी त्यानंतर सहा तास चालते, पण सारख्या वेगाने नाही. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं, दुसऱ्यात वेग घेतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत जोरात ओढतं. या दोन तासांतच जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे चढही मोठा आणि ओढही मोठी. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, ती मवाळ. आमच्या घरात त्या दिवशी दत्तजन्माची वेळ सगळ्यांना पाठ होती. त्याच तिथीवरून खाडीची वेळ कोणी काढली नाही.

संगमाजवळ पोहोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. समुद्रावरून खारे वारे सुटले होते. खाडीचं पाणी बाहेर ओढतंय आणि वारा आत ढकलतोय, असं झालं की लाटा आखूड, उभ्या आणि एकापाठोपाठ एक येऊ लागतात. मुखाशी वाळूचा उथळवटा असला तर त्या तिथे फुटतातही. आम्ही वळलो आणि जोर लावून वल्हवू लागलो. काठावरच्या एका वाकड्या माडावर मी नजर ठेवली होती. तो माड जागचा हलेना. मग कयाक थोडी तिरकी झाली, बाजूने लाट आली आणि आम्ही पाण्यात.

लाइफ जॅकेट तरंगवतं, हे खरं. पण नणंदेचं सैल होतं. ते वर सरकून तिच्या कानांशी आलं आणि तिला धड मान वळवता येईना. तशातच ती निसटलेल्या वल्ह्यामागे पोहत निघाली. चांगलं पोहता येणाऱ्यांना हा मोह होतोच. प्रवाह तिला वल्ह्यापेक्षा वेगाने दूर नेत होता. मी ओरडले, ती वळली, कशीबशी कयाकपर्यंत आली. मग दोघी एकाच बाजूने वर चढायला गेलो आणि कयाक पुन्हा आमच्या अंगावर उलटली. काठावरून एक मच्छीमार हातवारे करत ओरडत होता, “पाणी सुकता हा! कडेक येवा, कडेक!” शेवटी तोच आपली होडी घेऊन आला आणि आम्हाला कयाकसकट काठाला घेऊन गेला.

वाळूत बसल्यावर नणंद म्हणाली, “वहिनी, मला मघाशीच परत फिरावंसं वाटलं होतं गं. पण तू इतकी खुशीत होतीस, म्हटलं कशाला मोडता घालू.” मी थक्क झाले. मलाही तसंच वाटलं होतं, पण ही पोहणारी बाई मागे निवांत बसली आहे म्हणजे सगळं ठीक असणार, असं मी धरून चालले होते. दोघींना कळत होतं आणि दोघी गप्प होतो, एकमेकींचं मन राखायला. घरातही आमचं असंच चालतं, पण घरात फार तर भाजी खारट होते.

तेव्हापासून आमचा एक करार आहे. दोघींपैकी कोणीही ‘परत’ म्हटलं की कयाक वळते. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, ‘त्या वळणापर्यंत जाऊ या’ असली घासाघीस करायची नाही. किनाऱ्यावर आल्यावर हवं तेवढं भांडावं. नवरा-बायको, बाप-लेक, ऑफिसातली मित्रमंडळी, सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे, आणि वयाने किंवा मानाने लहान असलेल्याला ते दोनदा सांगा. सासऱ्यांसोबत बसलेला जावई ‘परत’ म्हणायला फार वेळ लावतो.

दुसरी गोष्ट दिशेची. खाडीत निघताना प्रवाहाच्या उलट निघावं, म्हणजे दमल्यावर परतीला पाण्याची मदत होते. याला अपवाद, आणि सर्वांत उत्तम, म्हणजे भरतीच्या शेवटच्या दोन तासांत पाण्यासोबत आत निघणं. पाणी आत येत असतं, कांदळवनातल्या एरवी चिखलाच्या असलेल्या वाटा भरतात, आणि थांबलात तरी समुद्राकडे ओढले जात नाही. पाणी थांबलं की परत फिरायचं. सकाळी वारा बहुधा पडलेला असतो. दुपारचे खारे वारे सुटायच्या आत काठाला लागलेलं बरं. पावसाळ्यात तर हा विषयच नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींचीही मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या दर्यासाठीही.

जॅकेटचे पट्टे आवळल्यावर जोडीदाराने ते खांद्यांशी धरून वर ओढून पाहावं, लहान मुलाला काखेत धरून उचलतात तसं. हनुवटीच्या वर आलं तर सैल आहे. ही तपासणी एकमेकांचीच करावी, स्वतःची होत नाही. शिटी जॅकेटला बांधलेली असावी. तीन लांब शिट्या म्हणजे मदतीची हाक. फोन पाणी न शिरणाऱ्या पाकिटात आणि अंगावर, कयाकच्या कप्प्यात नाही. ११२ हा नंबर सगळ्यांना ठाऊक असतो, पण समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आहे. पायात जुने बूट घालावेत, कारण खाडीतल्या खडकांवर कालवांच्या शिंपा असतात आणि त्या पाय ब्लेडसारख्या चिरतात. कयाकचं बूच घट्ट बसलंय का, हेही पाहून घ्यावं. काठावरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवावी.

उलटण्याचा सराव मात्र मुद्दाम करा. छातीएवढ्या शांत पाण्यात कयाक स्वतः उलटवा. आधी कयाक धरायची, मग माणूस मोजायचा, वल्हं सर्वांत शेवटी, जवळ असेल तरच. दोघांनी मिळून ती सुलटी करायची. मग एकाने पलीकडची कड धरून भार द्यायचा आणि दुसऱ्याने अलीकडून पोटावर आडवं होत, पाय मारत वर यायचं. वर आलेला विरुद्ध बाजूला झुकतो, तेव्हा खालचा चढतो. चारदा केलं की हसत हसत जमतं. चढताच आलं नाही तर कयाक धरून तरंगत राहावं. उलटलेली कयाकसुद्धा लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. स्वतंत्र कयाक असतील तर हाकेच्या अंतरात राहावं आणि वेग सावकाश चालणाऱ्याने ठरवावा.

कोण कुठे बसणार, यावरून जोडप्यांची भांडणं जुंपतात. परदेशात या दोन आसनी कयाकला चेष्टेने ‘घटस्फोटाची नाव’ म्हणतात. सोपा नियम असा, की लय पुढचा ठरवतो आणि दिशा मागचा. मागच्याला पुढचं वल्हं दिसतं, पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून जुळवून घ्यायचं काम मागच्याचं. जड आणि सरावलेला माणूस मागे. अलास्काकडच्या बेटांवरचे अल्यूट शिकारी दोघं मिळून कयाक घेऊन निघत, तेव्हा पुढचा भाला फेकायचा आणि मागचा तेवढा वेळ नाव डुलू देत नसे. तिथे मागचा कधी ‘मला काही दिसत नाही’ अशी कुरकुर करत असेल, असं वाटत नाही. आमच्याकडे ती होते, म्हणून अर्ध्या वाटेवर काठाला लागून आम्ही जागा बदलतो.

आणि हो, त्या दिवसानंतरही आम्ही जातो, कारण ही मजा दुसऱ्या कशात नाही. तारकर्लीच्या बाजूला कांदळवनाच्या कडेने सावकाश गेलं की खंड्या निळा चमकारा मारून जातो, ब्राह्मणी घार पाण्यावर उतरते, चिखलातले खेकडे एकच मोठी नांगी हलवत असतात. मोटरबोटीच्या आवाजात यातलं काहीच हाती लागत नाही. शिवाय दोघी एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या असतो. समोरासमोर न बोलता येणाऱ्या कितीतरी गोष्टी पाठमोऱ्या माणसाला सहज सांगता येतात. सासूबाईंच्या आजारपणात कोणी काय केलं आणि काय नाही, हा वर्षानुवर्षं टाळलेला विषय आम्ही वल्हं मारता मारता संपवला.

उतरताना घाई करू नये. दमलेली दोन माणसं एकदम आणि एकाच बाजूने उठली की गुडघाभर पाण्यातही कयाक उलटते. मागच्याने वल्हं तळाला टेकवून कयाक धरावी, पुढच्याने दोन्ही पाय एका बाजूला टाकून उभं राहावं, आणि मग नाक धरून ठेवावं, म्हणजे मागच्यालाही उतरता येतं. लाटा असतील तर कयाकच्या आणि किनाऱ्याच्या मधे उभं राहू नये. पाणी भरलेली कयाक गुडघ्यावर आदळली की महिनाभर जिना चढता येत नाही.