भिंगरी कुठे नांदेल?

‘आपण कुत्रा आणूया ना! मी रोज सकाळी उठेन, त्याला फिरवेन, शीसुद्धा उचलेन!’ हे वचन तुमच्या घरात दिलं गेलं असेल, तर आईबाबांनो, ते देताना तुमचं लेकरू अगदी प्रामाणिक असतं. फक्त ते पाळलं जात नाही. जुलैच्या धो धो पावसात, वह्यापुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून शाळेत निघायच्या घाईत, नऊ वर्षांच्या पोराने कुत्र्याला खाली न्यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांचा फोन आला की मुलांना किती हौस आहे हे मी विचारत नाही. ‘सकाळी सहाला दार कोण उघडणार?’ एवढंच विचारते. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने ‘मी’ म्हणायला हवं, आणि तेही बायकोच्या तोंडाकडे न बघता.

रस्त्यावरून आणलेली कुत्री कायमचं घर मिळेपर्यंत आमच्याकडे राहतात. सध्या भिंगरी आहे. दहा महिन्यांची, गावठी, तांबूस रंगाची, लांब पायांची. पिल्लू असताना हौसेने एका घरात गेली, वाढल्यावर आवरेना म्हणून इमारतीखाली सोडली गेली. तिच्यात खोट काहीच नाही. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्र्याचं वयच तसं असतं. दुधाचे दात पडून पक्के आलेले असतात, अंगात बळ भरलेलं असतं, आणि अक्कल अजून वाटेत असते. भिंगरी पाहुण्यांच्या अंगावर उडी मारते, पट्टा ओढते, चपलांच्या प्रत्येक जोडीतली एकच पळवते. दोन्ही पळवल्या तर निदान हिशेब तरी लागेल!

‘नसबंदी केली की शांत होईल ना?’ हे हमखास विचारतात. नसबंदी करायलाच हवी, पण तिने पिल्लं थांबतात, धावण्याची भूक थांबत नाही.

लोकांना वाटतं, अशा कुत्र्याला बंगला हवा. मला बंगल्यांची जरा धास्तीच आहे. अंगण असलं की ‘खेळेल की ती तिथे’ म्हणून फिरवणं बंद होतं. एकटं कुत्रं अंगणात व्यायाम करत नाही, फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतं. मग शेजारी तक्रार करतात, मग साखळी येते. उलट दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ खाली उतरावंच लागतं. तेव्हा जागा किती हे मी नंतर विचारते. आधी विचारते, घर दिवसाचे किती तास रिकामं असतं? आजी-आजोबांना कुत्रं चालेल का? कामाला येणाऱ्या मावशी घाबरतात का? हसू नका. मावशींनी ‘एक तर मी नाहीतर ते कुत्रं’ असं म्हटल्यावर आठ दिवसांत परत आलेलं कुत्रं मी पाहिलं आहे.

घरात पाचेक वर्षांच्या आतलं मूल असेल, तर भिंगरीसाठी मी सहसा नाही म्हणते. ती चावरी नाही, पण पळणाऱ्या, किंचाळणाऱ्या मुलामागे धावणं आणि फ्रॉक दातात धरणं हा तिच्या लेखी खेळ आहे. पडतं मूल, घाबरते आई, आणि शिक्का बसतो कुत्र्यावर. अशा घरांनी चार-पाच वर्षांचं, निवांत स्वभावाचं कुत्रं बघावं. पिल्लूच हवं हा हट्ट मला कळत नाही. पिल्लू पुढे कसं निघेल हे कुणालाच सांगता येत नाही, मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. आणखी एक हिशेब कागदावर मांडा. कुत्रं साधारण बारा ते पंधरा वर्षं जगतं. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा तोवर शिकून नोकरीला लागलेला असेल, कदाचित परगावी. कुत्र्याचं म्हातारपण तुमच्या वाट्याला येणार आहे. मुलांना जबाबदारी शिकवायला कुत्रा आणायचा, हे म्हणूनच मला पटत नाही. मूल आपलं बघून शिकेलही, पण कुत्रं तुम्हाला हवंसं वाटत नसेल तर आणू नका.

भिंगरीसारखीला सांभाळणं अवघड नाही, रोजचं आहे. नुसतं पळवून ती दमत नाही, उलट तिचा दम वाढतो. तिला हुंगू द्या. प्रत्येक खांबाशी थांबत अर्धा तास केलेली फेरी तिला भराभर चालण्यापेक्षा जास्त दमवते, कारण नाकाबरोबर डोकंही काम करतं. घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांत तिच्या खाण्याचे तुकडे लपवा आणि शोधू द्या. हे काम मुलांना जरूर द्या, त्यांना ते आवडतं. उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की लाड करायचे. यात अडचण कुत्र्याची नसते, घरातल्या माणसांची असते. आई पाठ फिरवते आणि बाबा उडीला टाळ्या वाजवतात.

मुलांना मात्र काही गोष्टी कुत्रं येण्याआधी सांगाव्या लागतात. खाताना आणि झोपलेलं असताना त्याला हात लावायचा नाही. गळ्यात पडायचं नाही, आपल्याला मिठी वाटते ती त्याला पकड वाटते. ते अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन गप्प उभं राहायचं. शेपूट हलतेय म्हणजे खूशच आहे असं नसतं. ताठ शेपूट, ताठ अंग, तोंड फिरवणं, सारखी जीभ ओठांवरून फिरवणं, हे ‘आता पुरे’ असतं. चॉकलेट, मनुका, बेदाणे, कांदा यांतलं काहीही भरवायचं नाही. दिवाळीच्या फराळाचं ताट म्हणूनच उंचावर ठेवा. लहान मूल आणि कुत्रं, दोघांनाच खोलीत सोडायचं नाही. आणि दात लागला, ओरखडा आला, अगदी लस दिलेल्या घरच्या कुत्र्याचा, तरी मुलाने ते लपवता कामा नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रेबीज एकदा उलटला की औषध नाही. रागावाल या भीतीने मुलं गप्प बसतात, तेव्हा रागावणार नाही हे आधीच सांगून ठेवा.

आणायचं कधी? पुष्कळ जण मेच्या सुट्टीत आणतात, मुलं घरी असतात म्हणून. दीड महिना चोवीस तास सोबत, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की एकदम रिकामं घर. मग ते दार ओरबाडतं, रडतं, सोफा फाडतं. सुट्टीत आणलंत तर पहिल्या आठवड्यापासूनच त्याला थोडं थोडं एकटं ठेवायची सवय लावा. आधी पाच मिनिटं, मग पंधरा. दिवाळीच्या तोंडावर तर आणूच नका. नव्या घरात फटाक्यांचा पहिला आवाज ऐकून पट्टा तोडून पळालेली कुत्री सापडणं फार कठीण.

सोसायटीचीही काळजी असते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण भाड्याचं घर असेल तर मालकाशी आधी बोला, आणि कायदा पाठीशी असला तरी शी उचलायची पिशवी खिशात ठेवा. शेजारी जिंकायचे ते तिनेच.

इतकं करूनही नाही जमलं तर? तर फोन करा, आम्ही परत घेतो, आणि तुम्हाला नावं ठेवत नाही. पहिले तीन-चार दिवस कुत्रं बुजलेलं, गप्प असतं, खरा स्वभाव काही आठवड्यांनी उघडतो. म्हणून आधी थोडे दिवस ठेवून बघा असं आम्ही स्वतःच सुचवतो. राग येतो तो ‘गावाकडे शेतावर सोडलं, मजेत आहे’ या वाक्याचा. घरात वाढलेलं कुत्रं परक्या शेतावर मजेत नसतं, तिथली कुत्री त्याला हद्दीत टिकू देत नाहीत. कुत्र्याला असं उपाशी मरायला वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. आणि मुलांना ही शेताची गोष्ट सांगू नका. ‘आपल्याला वेळ देता आला नाही, म्हणून तिच्यासाठी दुसरं घर शोधतोय’ हे सात वर्षांच्या मुलालाही समजतं. रडेल, रडू द्या.

तर भिंगरीला बघायला या. सगळे या, आजीलाही आणा. होकार-नकार मात्र मुलांसमोर लगेच देऊ नका, घरी जाऊन दोन दिवस बोला. आणि येताना पांढरे कपडे घालू नका, चपला जिन्यातच काढा आणि उंच ठेवा.