नौकेवरील छत : सावली की शीड?

चैत्रात दहिवलीला उल्हास नदीच्या काठी उभे राहिले की सावलीचे मोल कळते. कोयनेच्या शिवसागर जलाशयात सहलीला जाणाऱ्यांनाही तोच अनुभव येतो. म्हणून लहान मोटारबोटीवर छत हवे; परंतु ते निवडताना प्रथम वाऱ्याचा विचार करावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. छताचेच शीड बनते आणि नौका कलते.

सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा असावा. त्याच मापाच्या लोखंडी नळ्यांच्या सुमारे एकतृतीयांशच वजन भरते व नौकेचा गुरुत्वमध्य फारसा वर सरकत नाही. कापड फिक्या रंगाचे, ताणून बसवलेले व पाणी निथळेल असे उतरते असावे. बाजूंना पडदे नकोत. नौका उलटल्यास माणसाला बाहेर पडता आले पाहिजे.

वळवाचे वारे सुटण्यापूर्वी एकट्याला चटकन मिटता येईल, असेच छत घ्यावे. ऊन घटकाभर सोसता येते.